चौदावी पायरी

सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी संगणकाने त्याला सांगितलं की त्याची आई या हॉस्पिटलात कधी आलीच नव्हती. नेमके शब्द असे होते: ‘या नावाची व्यक्ती आढळली नाही. नवी नोंद करायची?’ खाली दोन चौकटी, हो आणि नाही. तो रक्तपेढीच्या मागच्या खोलीत बसला होता, चहा यायचा होता, आणि आईचं नाव त्याने काही कारणाने टाइप केलं नव्हतं. कुणी कागदावर रेघोट्या ओढतं, तसं चहाची वाट बघताना त्याच्या बोटांनी ते टाइप केलं होतं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. पण इथल्या नोंदी माणूस गेलं म्हणून पुसत नाहीत, आणि सर्व्हरची खोली सांभाळणाऱ्या माणसाला एवढी चैन परवडते, की अधूनमधून आपल्या आईला हाक मारून बघावी आणि तिने पडद्यावर यावं. आज ती आली नाही. आधी त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. त्याने नाव पुन्हा टाइप केलं, एकेक अक्षर बघत. आढळली नाही. मग त्याने तिचा रुग्ण क्रमांक टाकला. सात आकडे, स्वतःच्या फोन नंबरापेक्षा पाठ. पडदा लगेच भरला. नाव, जन्माचं वर्ष, रक्तगट, आणि त्याखाली लाल अक्षरांतली ती ओळ, जी त्याला लहानपणापासून माहीत होती. म्हणजे आई होती. क्रमांकाने हाक मारली तर होती, नावाने मारली तर नव्हती. चहा आला आणि त्याने तो न पिताच टेबलावर ठेवून दिला.

आदल्याच दिवशी, रविवारी दुपारी दोन ते पाच, त्याने बावीस वर्षांच्या नोंदी जुन्या सर्व्हरवरून नव्यावर नेल्या होत्या. डेटाबेसची जुनी आवृत्ती आता तिच्या कंपनीने वाऱ्यावर सोडली होती, नवीन आवृत्ती घेणं भाग होतं, आणि तीन महिने तो त्याच एका कामात होता. तो घाई करणारा माणूस नव्हता. बायको म्हणायची, हा कुलूप लावून तीनदा ओढून बघतो आणि चौथ्यांदा जिन्यावरून परत येतो. त्याने सत्तावीस पायऱ्यांची यादी केली होती, एका प्रतीवर रंगीत तालीम केली होती, नोंदींच्या दोन वेगवेगळ्या प्रती दोन वेगवेगळ्या इमारतींत ठेवल्या होत्या, आणि जुना सर्व्हर पुसला नव्हता, नुसता बंद करून तसाच बाजूला ठेवला होता. रविवारी पावणेपाचला त्याने दोन्हीकडच्या नोंदी मोजल्या होत्या. इकडे आठ लाख चौदा हजार दोनशे सहा, तिकडे आठ लाख चौदा हजार दोनशे सहा. मग वीस रुग्णांची तपासणी, क्रमांक टाकून. पहिला क्रमांक आईचा. सगळे वीस आले. रक्ताच्या चाचण्या करणारा तंत्रज्ञ तेव्हा दारात उभा होता. त्याला सगळे थेंबे म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं, पण नळीत दोन थेंब टाकायचे तर तो श्वास रोखून दोनच टाकायचा म्हणून हे नाव पडलं होतं आणि आता त्याच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या केकवरही तेच लिहून येई. ‘काय, झालं का बाळंतपण?’ थेंबेने विचारलं होतं. ‘झालं.’ ‘आणि बाळ?’ ‘सगळी बोटं मोजून घेतली,’ तो म्हणाला होता, आणि दोघं हसले होते.

त्याला लाल ओळ आधी माहीत होती, वाचायला नंतर आली असं म्हटलं तरी चालेल. तो नऊ वर्षांचा असताना आईला रक्त दिलं होतं आणि आठवड्याने ती घरी पलंगावर थडथडायला लागली होती. पलंग लोखंडी होता. त्याच्या पायाला एक चकती सैल होती आणि ती आईच्या थंडीबरोबर वाजत होती, टिक टिक टिक, शिवणयंत्रासारखी, आणि आई दातांमधून सांगत होती, काही नाही रे, पांघरूण घाल, आणखी एक घाल. घरातली सगळी पांघरुणं संपल्यावर त्याने खिडकीचा पडदा काढून घातला होता. ताईने मोरीतून त्याला हाक मारली आणि बादलीकडे बोट दाखवलं. आईची लघवी काळ्या चहासारखी झाली होती. त्यांना कुणीच काही समजावलं नाही, मोठ्या माणसांनी नुसती धावपळ केली, आणि आई महिन्याने घरी आली ती पिवळी आणि अर्धी होऊन. पुढे खूप वर्षांनी, इथे नोकरीला लागल्यावर, त्याला थेंबेनेच नीट सांगितलं. एखाद्याच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होते, एका ठराविक खुणेच्या रक्ताविरुद्ध. वर्षं जातात तशी ती कमी होते, इतकी, की चाचणीत दिसतच नाही. नळीतलं रक्त म्हणतं, सगळं ठीक आहे. आणि त्या खुणेचं रक्त पुन्हा गेलं, की शरीराला सगळं आठवतं. ‘लगेच नाही हं,’ थेंबे म्हणाला होता, ‘पाच दिवसांनी, दहा दिवसांनी. माणूस घरी जाऊन पाय पसरून बसलेला असतो.’ मग आधी कळणार कसं? ‘चाचणीत कळत नाही. जुन्या नोंदीतच कळतं. नोंद आहे म्हणून तर आम्ही पिशवी निवडून देतो. नोंद नसेल तर आम्ही पण तुझ्यासारखेच, कोरे.’

त्या कोऱ्या शब्दापाशी तो आता बसला होता. त्याला कारण कळायला सात मिनिटं लागली, आणि ती सात मिनिटं का लागावीत हेही त्याला समजलं नाही, कारण उत्तर त्याच्या ड्रॉवरमध्ये होतं. यादीतली चौदावी पायरी: ‘सर्व सूची नव्याने बांधणे.’ तिच्यावर पेन्सिलीने आडवी रेघ होती आणि रेघ त्याची होती. आठ लाख नोंदींत एक नाव शोधायचं तर यंत्र सगळ्या नोंदी वाचत बसत नाही. ते सूची बघतं, आणि सूची अक्षरांच्या क्रमाने लावलेली असते, ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणांसारखी. क्रम म्हणजे काय, हे ठरवते सर्व्हरची खालची मूळ प्रणाली. नव्या सर्व्हरवर ती प्रणालीही नवी होती, आणि नव्या प्रणालीत नाव आणि आडनाव यांच्यामधली मोकळी जागा मोजायची पद्धत बदलली होती. बस, एवढंच. कार्डं जुन्या क्रमाने लावलेली आणि शोधणारा नव्या क्रमाने चालणारा. बहुतेक नावं दोन्ही क्रमांत त्याच खणात पडत. काही पडत नव्हती. शोधणारा प्रामाणिकपणे आपल्या खणापाशी जात होता, कार्ड नाही असं बघत होता आणि तसं सांगत होता, आणि कार्ड चार खण पलीकडे सुखरूप होतं, मोजायला गेलं तर मोजणीत येत होतं. आकड्यांचा क्रम कुठल्याच प्रणालीत बदलत नाही. म्हणून वीसच्या वीस क्रमांक आले होते. रंगीत तालमीत सगळ्या सूची बांधायला चार तास चाळीस मिनिटं लागली होती आणि रविवारी त्याच्याकडे होते तीन तास. मग त्याने ती पायरी गाळून तालीम पुन्हा केली, काही बिघडलं नाही, आणि त्याने पेन्सिल उचलली. तालमीची प्रत त्याने एका जुन्या पडीक सर्व्हरवर केली होती, जुन्या प्रणालीच्या. नवा सर्व्हर तेव्हा खोक्यात होता. जुन्या क्रमाची कार्डं, जुन्या क्रमाने चालणारा शोधणारा. ती तालीम बिघडलीच नसती, कधीच.

घड्याळात नऊ सत्तेचाळीस झाले होते. नव्या सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज दारातून येत होता, एकसारखा, जुन्यापेक्षा हळू. रविवारी त्याला त्या आवाजाचं कौतुक वाटलं होतं. आता त्याला वाटलं की इतक्या गुळगुळीत आवाजावर आपण विश्वास ठेवायला नको होता. नुसत्या नावांची सूची बांधायची तर किती वेळ? त्याने मनात हिशेब केला. दहा-बारा मिनिटं. सगळ्या बांधायला चार तास चाळीस, पण ही एक दहा-बारा मिनिटांत. काल हे सुचलं असतं तर. आणि मग, त्याच विचाराच्या पाठीला चिकटून, दुसरा विचार आला. आत्ता एका ओळीची आज्ञा दिली, तर दहा वाजेपर्यंत आई नावाने सापडेल. सगळे सापडतील. यादीचा कागद फाडता येईल. पेन्सिलीची रेघ तर नुसती खोडता येईल. काल संध्याकाळपासून आत्तापर्यंत रक्तपेढीच्या खिडकीवरच्या लोकांनी कुणाकुणाची नावं टाकली, कुणाकुणाला ‘आढळली नाही’ म्हटलं गेलं, हे यंत्राच्या रोजनाम्यात असेल, पण रोजनामा त्याच्याशिवाय कुणी उघडत नाही. कदाचित काहीच झालं नसेल. बहुधा काहीच झालं नसेल. तो खुर्चीत बसून होता. त्याला आठवलं ते आईचं कार्ड. प्लास्टिकमध्ये घातलेलं, कडा मळलेल्या, त्यावर तीच लाल ओळ, हाताने लिहिलेली. ती ते पाकिटात ठेवायची, बाजारात जाताना, लग्नाला जाताना, खाली दूध आणायला जाताना सुद्धा. सगळं संगणकावर आल्यावर त्यानेच सांगितलं होतं, आई, टाक ते आता. ‘असू दे की,’ ती म्हणाली होती, उशीच्या अभ्र्याला टाका घालता घालता. ‘मशीन बंद पडलं तर?’ ‘दुसरं आहे.’ ‘दोन्ही बंद पडली तर?’ ‘आई, तू काय माझी परीक्षा घेतेस?’ ती हसली होती. ‘बंद पडलं तर कळेल रे तुम्हाला. चालू राहून विसरलं तर?’ यावर तो तिला थोडा वेळ समजावत होता, यंत्र विसरत नाही म्हणून, आणि मग त्याने तिच्याच शिवणाच्या कात्रीने ते कार्ड कापलं होतं, चार तुकडे. तुकडे गोळा करून तिने सुयांच्या डबीत ठेवले. पुढे हॉस्पिटलने कार्डं देणंच बंद केलं. तेही त्याच्याच सांगण्यावरून.

तो उठला तेव्हा नऊ एकावन्न झाले होते. म्हणजे चार मिनिटं.

रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाई कुणावर ओरडत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती, आणि म्हणून लोक त्यांना जास्त घाबरत. त्याचं बोलणं त्यांनी मध्ये न अडवता ऐकलं, मग फोन उचलला आणि खिडकीला सांगितलं, मी सांगेपर्यंत एकही पिशवी बाहेर जाणार नाही, कितीही तातडीचं असलं तरी आधी मला फोन. मग त्याच्याकडे बघितलं.

‘किती जणांना आढळली नाही म्हणून सांगितलं असेल?’

‘एकसष्ट. आत्ता येता येता काढलं. त्यातले बहुतेक खरंच नवीन असतील.’

‘आणि जे नवीन नसतील ते कसे ओळखायचे?’

‘जुना सर्व्हर ठेवलाय. तो चालू करतो, त्याची सूची शाबूत आहे. एकसष्ट नावं त्याला विचारतो.’

‘करा. आणि ही पायरी कुणी खोडली?’ त्याने यादी सोबत आणली होती, का ते त्याला सांगता आलं नसतं.

‘मी. तीन तासांत बसत नव्हती.’

‘तीन तास मी दिले होते.’

‘हो.’

‘मागितले असते तर मी सहा दिले असते,’ त्या म्हणाल्या. आवाज होता तसाच होता. ‘तुम्ही मागितलेच नाहीत.’

मागितले नव्हते हे खरं होतं. बावीस वर्षांत त्याने कधी जास्त वेळ मागितला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता, घरी जेवताना सांगण्यासारखा. जुना सर्व्हर भिंतीशी होता, त्याच्यावर कुणीतरी छत्री ठेवली होती. त्याने पत्र्याला हात लावला. पत्रा थंड होता आणि त्याला उगाच वाटलं की एका दिवसात तो इतका थंड व्हायला नको होता. बटण दाबल्यावर पंखे आधी खाकरल्यासारखे झाले, मग त्यांचा तो ओळखीचा खरखरीत आवाज सुरू झाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ज्याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं आणि थोडा रागही आला. सर्व्हर पूर्ण उठायला सोळा मिनिटं लागली. थेंबे येऊन त्याच्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं. आज त्याने बाळंतपणाचा विषय काढला नाही. एकसष्टमधली पहिली चाळीस नावं जुन्यालाही माहीत नव्हती. प्रत्येक ‘आढळली नाही’ला थेंबे हळूच ‘बरं’ म्हणत होता. एक्केचाळिसावं आढळलं. तो म्हातारा नुसता तपासणीला आला होता, त्याला रक्त दिलंच नव्हतं. सत्तेचाळिसावं आढळलं; त्याची पिशवी राखून ठेवलेली, अजून फ्रिजमध्ये. बावन्नावं आढळलं. तिची पिशवी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर पोचली होती, थेंबेने फोनवर जवळजवळ किंचाळून ती परत बोलावली. अठ्ठावन्नावं आढळलं. स्त्री, वय त्रेसष्ट, अकरा वर्षांपूर्वीची नोंद, आणि खाली लाल ओळ. तीच ओळ. आईचीच अँटिबॉडी, अक्षरशः तेच अक्षर आणि तोच आकडा. पिशवी सकाळी पावणेआठला गेली होती, तिसऱ्या मजल्यावरच्या स्त्रियांच्या वॉर्डात. थेंबेने फोन लावला. दहा एकोणीस झाले होते. पलीकडून सिस्टरने शांतपणे सांगितलं की पिशवी संपली, आत्ताच काढली, दहा सतराला. पेशंट छान आहे, गप्पा मारतेय.

‘एका मिनिटाला किती जातं?’ त्याने थेंबेला विचारलं.

‘काय?’

‘रक्त. चार मिनिटांत किती जाईल?’

‘आठ-दहा मिली. का रे?’

‘काही नाही.’

‘अरे, शेवटच्या दहा मिलीने काही होत नाही. पिशवीत ती खूण आहे की नाही, त्यावर सगळं. चारातल्या तीन पिशव्यांत असते.’ मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. ‘एकीत नसते,’ तो म्हणाला. ‘प्रत्येक पिशवीच्या नळीचा तुकडा आपण ठेवतो. तो तपासतो मी. तासभर लागेल. तू इथे बसू नकोस, माझा हात हलेल.’

नावांची सूची बांधायची आज्ञा त्याने दिली आणि ती अकरा मिनिटांत पूर्ण झाली. त्याने आईचं नाव टाइप केलं. ती आली. यापूर्वी ती आली की त्याला जे वाटायचं ते वाटलं नाही. त्याने पडदा बंद केला. चार मिनिटांबद्दल त्याने डॉक्टरबाईंना सांगितलं नव्हतं. त्या विचारणार नव्हत्या, विचारण्यासारखं काही दिसतच नव्हतं: नऊ चाळीसला लक्षात आलं, नऊ एकावन्नला कळवलं, अकरा मिनिटं, कुणीही म्हणेल चपळाई केली. तो जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेला. का जातोय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि जाण्याचा त्याला अधिकारही नव्हता. डॉक्टरबाई आधीच वर जाऊन वॉर्डातल्या डॉक्टरांशी बोलून आल्या होत्या, त्रास बहुधा काही दिवसांनीच दिसतो, पण क्वचित पहिल्याच दिवशी ताप चढतो म्हणून दर अर्ध्या तासाला ताप बघायचं ठरलं होतं. ती त्रेसष्ट वर्षांची बाई खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. बारीक, गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर, हाताला कापसाचा बोळा चिकटवलेला. खाट लोखंडी होती. त्याची नजर आपोआप तिच्या पायांकडे गेली, खाटेच्या पायांकडे, कुठे काही सैल आहे का म्हणून.

‘तुम्ही पण डॉक्टर का?’ तिने विचारलं. ‘सकाळपासून फार डॉक्टर यायला लागलेत. मी काय मरतेय का काय?’

‘नाही हो मावशी. मी डॉक्टर नाही. कॉम्प्युटरवाला.’

‘बिघडलाय का?’

‘नाही. चालू आहे.’

‘मग बरं.’ तिने त्याला जरा निरखून बघितलं. ‘घाम आलाय तुम्हाला. बसा. माझा मुलगा पण असाच, जिने चढतो आणि मग हाशहुश करतो.’ तो बसला. त्याने विचारलं, तुम्हाला पूर्वी कधी रक्त दिलं होतं का. ‘हो की, अकरा वर्षं झाली. तेव्हा मला खूप त्रास झाला होता. अशी थडथडले होते, शेजारची बाई बिचारी उठून बाहेर गेली.’ सांगताना ती हसली. मग उशीखालून पाकीट काढून त्यातलं चिल्लर, किल्ली, नातवाचा फोटो बाजूला करत तिने एक कार्ड बाहेर काढलं. प्लास्टिकमधलं, कडा मळलेल्या. लाल ओळ हाताने लिहिलेली होती. ‘हे जपायला सांगितलं होतं. मग सांगितलं, आता लागत नाही, सगळं आत आहे. मी ठेवलं आपलं. टाकवत नाही.’

‘सकाळी दाखवलं नाहीत?’

‘कुणी विचारलंच नाही,’ ती म्हणाली. ‘खिडकीतल्या मुलीने नाव विचारलं. नाव सांगितलं.’

तिने कार्ड त्याच्या हातात दिलं, बघा हवं तर, अशा सहजपणे, आणि त्याने ते दोन बोटांत धरलं. ते हलकं होतं, तिच्या उशीच्या उबेने कोमट झालेलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि जे जे मनात आलं ते सगळं स्वतःबद्दलचं होतं. सिस्टर आली, थर्मामीटर लावला, काढला, खिडकीकडे धरून वाचला आणि तक्त्यावर लिहिला. रक्त द्यायच्या आधी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार होता. अकरा वाजता अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. साडेअकराला नव्व्याण्णव. हे कशानेही होतं, सिस्टर म्हणाली, खिडकीतून ऊन येतंय, स्वेटर घातलाय त्यांनी. बाईने स्वेटरचं वरचं बटण काढलं, मग थोड्या वेळाने पुन्हा लावलं. त्याने विचारलं, मावशी, थंडी वाजतेय का? ‘नाही रे,’ ती म्हणाली. तिने त्याला अरे कधीपासून म्हणायला सुरुवात केली ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ‘पांघरूण तेवढं वर घे.’

त्याने पांघरूण वर घेतलं. खिशातला फोन थरथरला. थेंबेने लिहिलं होतं: पहिली नळी धड वाचता आली नाही, पुन्हा लावतोय, वीस मिनिटं. बारा वाजून दोन मिनिटांनी सिस्टरने पुन्हा थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव पॉइंट चार.